ती. आई-बाबांस, यंदाच्या थंडीआधी

लीड्स,
ऑक्टोबर अखेर

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

यंदा पुन्हा तुम्ही आमच्याकडे येणार, पण फोनवर इथल्या घरातल्या थंडीचा विषय काढला की आई "आम्हाला काही होत नाही गं" म्हणते आणि फोन बाबांकडे देते. म्हणून सगळं सविस्तर लिहूनच पाठवते आहे. बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि मधलं काही गाळू नका.

गेल्या हिवाळ्यात तुम्ही इथे होतात, तेव्हा आई मागच्या खोलीत स्वेटर, त्यावर शाल, त्यावर माझं जाकीट घालून बसायची आणि भिंतीवरचा थर्मोस्टॅट खुशाल २१ दाखवायचा. बाबा, "मशीन बरोबर आहे, जागा चुकली आहे," असं तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात. ते शंभर टक्के खरं होतं. तो थर्मोस्टॅट बाहेरच्या दाराजवळ, पॅसेजमध्ये. पॅसेज चिंचोळा, त्यात एक रेडिएटर, आणि खोल्यांची दारं बंद. तेवढी जागा बघता बघता तापायची. थर्मोस्टॅटला वाटायचं घर ऊबदार झालं, की तो बॉयलर बंद करायचा. मागची खोली उत्तरेची, दोन भिंती बाहेरच्या हवेला लागलेल्या, वर ती मोठी खिडकी. तिथे आई कुडकुडत असायची, पण तिथलं तापमान विचारायला कुणी नव्हतंच.

आता तो काढून वायरलेस बसवून घेतला. आई, तुझ्यासाठी सोपं करून सांगते. बॉयलर म्हणजे आपल्या न्हाणीघरातला तांब्याचा बंबच समज. फक्त इथे लाकडांऐवजी गॅस आणि गरम पाणी बादलीत न येता नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरतं. बंब कधी पेटवायचा आणि कधी विझवायचा, हे थर्मोस्टॅट सांगतो. आधी तो भिंतीला खिळलेला होता. आता तो हातात मावतो, छोट्या स्टँडवर उभा राहतो आणि तू बसशील त्या खोलीत तुझ्यासोबत येतो. जिथे तू, तिथलं तापमान तो मोजणार.

बाबा, आता तुमच्यासाठी. काम रीतसर इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं आणि मी शेवटपर्यंत शेजारी उभी होते. त्यानं आधी बॉयलरच्या स्विचमधला ३ अँपिअरचा फ्यूज काढून खिशात टाकला, मग टेस्टरनं सगळीकडे सप्लाय नसल्याची खात्री केली, आणि त्यानंतरच भिंतीवरचं झाकण उघडलं. तुमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वाइंडिंगच्या दुकानात हेच बघत मोठी झाले, त्यामुळे जीव शांत होता.

झाकण उघडल्यावर आत लाल, पिवळी, निळी वायर! आपल्याकडे तीन फेजना हेच रंग, त्यामुळे तुम्ही असतात तर पहिल्यांदा थ्री फेजच म्हणाला असता. पण हे घर जुनं आहे. २००६ पासून इथे नव्या कामात फेजला तपकिरी आणि न्यूट्रलला निळी वायर सक्तीची झाली. त्याआधी फेज लाल आणि न्यूट्रल काळी असायची, आणि तीन कोअरची केबल लाल-पिवळ्या-निळ्या रंगांची यायची. आमच्याकडे लाल वायरमधून फेज यायचा, पिवळीतून तो थर्मोस्टॅटच्या स्विचमधून बॉयलरकडे परत जायचा आणि निळी न्यूट्रल म्हणून वापरली होती. तिच्या टोकाला काळी स्लीव्ह घातलेली, अगदी तुम्ही घालायचात तशी.

नुसत्या स्विचला न्यूट्रल कशाला, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. मीही विचारला. जुन्या थर्मोस्टॅटमध्ये इस्त्रीसारखी बायमेटलची, म्हणजे दोन धातू जोडलेली, तापली की वाकणारी पट्टी असते. खोली तापली तरी ती पट्टी सावकाश तापते, आणि तोवर खोली हवी त्यापेक्षा जास्त गरम होऊन बसते. म्हणून पट्टीशेजारी एक बारीकसा रेझिस्टर असतो. बॉयलर चालू असताना तो पट्टीला थोडी जादा ऊब देतो, म्हणजे ती जरा आधीच वाकून स्विच सोडते. त्या रेझिस्टरसाठी न्यूट्रल. मला हे फार आवडलं. जुना थर्मोस्टॅट टाकलेला नाही, तुम्हाला उघडून बघायला ठेवला आहे.

नव्याचे दोन भाग. एक तुमच्या हातातला, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. दुसरा रिसीव्हर, तो स्वयंपाकघरात बॉयलरशेजारी पक्का बसवला आहे. रिसीव्हरला फेज-न्यूट्रल दिलं, आत एक रिले, म्हणजे विजेनं ओढला जाणारा स्विच आहे. त्याच्या कॉमन टोकाला फेजचा जंपर (छोटी जोडवायर) आणि एनओ, म्हणजे एरवी उघड्या राहणाऱ्या टोकातून वायर बॉयलरला. हातातला भाग ८६८ मेगाहर्ट्झवर रेडिओनं निरोप पाठवतो, रिले ओढला जातो, बॉयलर पेटतो. पॅसेजमधली जुनी केबल बॉयलरकडच्या टोकाला सोडवून मोकळी केली, त्यामुळे भिंतीत आता सप्लाय नाही. पॅसेजकडची टोकं कनेक्टरमध्ये घेऊन वर कोरी प्लेट लावली. तुम्ही आल्यावर ती प्लेट उघडून बघणार हे मला माहीत आहे. बघा, पण आधी मेन बंद करा.

बॉयलरचं स्वतःचं झाकण मात्र कुणी उघडायचं नाही, तुम्हीसुद्धा. इथे गॅसचं काम नोंदणी असलेल्या माणसानंच करायचा कायदा आहे.

वापरताना थोडं सांभाळायचं आहे. थर्मोस्टॅट ज्या खोलीत असेल, तिथल्या रेडिएटरचा गोल नॉब पूर्ण उघडा ठेवायचा. तो कमी केला तर ती खोली तापणारच नाही, थर्मोस्टॅट बॉयलरला "अजून, अजून" म्हणत राहील आणि वरच्या खोल्या भट्टी होतील. खिडकीत, उन्हात, टीव्हीजवळ किंवा रेडिएटरच्या वर तो ठेवू नका. आई, देव्हाऱ्याशेजारी तर नकोच. निरांजनाची ऊब लागली की त्याला खोलीच गरम वाटेल आणि पूजा होईस्तोवर तुझे पाय गार पडतील. आणि लवकर तापावं म्हणून २८-३० वर नेऊन काही फायदा नाही. २१ व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागणार, फक्त नंतर घामाघूम व्हाल. सेल संपत आले की पडद्यावर खूण येते. नवे सेल फ्रिजवरच्या डब्यात ठेवले आहेत.

आता मनातलं बोलते. बाबा, मागच्या वेळी आम्ही कामावर गेलो की तुम्ही थर्मोस्टॅट १६ वर आणायचात आणि आम्ही यायच्या वेळेला परत वर करायचात. आई मला कधी बोलली नाही, पण तिच्या हातांना हात लावला की कळायचं. लेकीचं बिल वाढू नये, हा तुमचा जीव मला दिसतो. आयुष्यभर पै-पै जोडून तुम्ही आम्हाला शिकवलंत, ती सवय कुठे जाणार. पण ही काटकसर मला नको आहे. कोल्हापुरात डिसेंबरच्या पहाटे पारा १४-१५ वर आला तरी दहा वाजता अंगणात ऊन असतं. इथे तसं ऊन नाही. गारठा दिवसभर भिंतीतून आत झिरपतो, आणि थंडीनं रक्तवाहिन्या आकसल्या की रक्तदाब चढतो. तुमची रोजची गोळी चालू आहे, हे विसरू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत थंडीच्या दिवसांत घरात किमान १८ अंश असावं असं म्हटलंय, आणि वयस्कर माणसांना त्याहून जास्त लागू शकतं असंही. म्हणून दिवसा २१ आणि रात्री १८, याच्या खाली काटा जाता कामा नये. बिलाचं आम्ही दोघांनी बघून ठेवलंय. रिकाम्या वरच्या खोल्यांचे नॉब आम्ही कमी करणार, बचत करायची ती तिथे करू. थंडी अंगावर काढायची नाही. एवढी माझी विनवणी आहे, आणि आई, यात तू बाबांची बाजू घ्यायची नाहीस.

घोंगडं आणू नका, बॅगेचं वजन वाढतं. त्या जागी कांदा-लसूण चटणी जास्त आणा. निघण्याआधी दादासोबत जाऊन बाबांचा रक्तदाब तपासून घ्या आणि गोळ्यांची चिठ्ठी हाताच्या बॅगेत ठेवा.

मागच्या खोलीत आईची खुर्ची खिडकीशी ठेवू की आतल्या भिंतीला, तेवढं रविवारी फोनवर सांगा. त्याप्रमाणे थर्मोस्टॅटसाठी स्टूल लावून ठेवते.

दादा-वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुमची,
ताई