चप्पल-बूट दुरुस्त करणाऱ्या काकांना

नमस्कार काका,

आमच्या अस्थिरोग ओपीडीतून चिठ्ठी घेऊन तुमच्याकडे येणाऱ्यांची रीघ वाढत चालली आहे. त्यांनाही वाचता यावं म्हणून हे पत्र उघडंच लिहितोय.

पायाचा अंगठा बाकीच्या बोटांकडे कलून त्याच्या बुडाशी हाड बाहेर आलं, म्हणजे बनियन (bunion) झालं, की माणूस पहिला प्रश्न विचारतो, "ऑपरेशन करावं लागेल का?" पायातलं पादत्राण सुधारल्याशिवाय याचं खरं उत्तर देता येत नाही. दुखणं सांध्याचं किती आणि घासण्या-दाबण्याचं किती, हे तोवर कळतच नाही. दोन-तीन महिने योग्य मापाचं वापरून पाहा, मग बोलू, असं आम्ही सांगतो. ते योग्य मापाचं तुम्ही करून देता, त्याबद्दल मनापासून आभार.

तुम्ही माप संध्याकाळी घेता, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. दोन्ही पाय घेता, माणसाला उभं करून, पेन्सिल सरळ धरून. बसून घेतलेलं माप अरुंद येतं. मग तो कागद बुटाच्या आतल्या तळव्याशी ताडून बघता. हाडाजवळची रेघ तळव्याबाहेर गेली, तर एक नंबर मोठा बूट घेऊन काही होत नाही. लांबी वाढते, टाच सुटते, पाय पुढे घसरतो आणि हाड पुन्हा तिथेच आपटतं. हवी असते पुढची रुंदी. हे समजावताना दुकानदारही थकतात, तुम्ही थकत नाही!

बूट चामड्याचा असेल तर पाय आत असतानाच हाडावर खडूची खूण, मग स्पिरिटने ओल, आत गोळा आणि बाहेर कडं असलेल्या चिमट्यात रात्रभर ताण. काही मिलिमीटरच मिळतात, पण नेमक्या जागी मिळतात. शिवण बरोबर हाडावर आली असेल तर तुम्ही सरळ नाही म्हणता, हे उत्तम. शिवण ताणत नाही, उसवते. रेक्झिनही तडकतं, नाहीतर दोन दिवसांत मूळ आकारावर येतं.

कोल्हापुरीचं तुमचं काम तर खास. अंगठ्याची वादी घट्ट असली की अंगठा वाकड्या जागीच जखडतो आणि पट्ट्याची कड हाडावर बसते. तुम्ही वादी सैल करता, कड रापीने पातळ करून खाली मऊ अस्तर लावता आणि टाचेमागे पट्टा देता. तो मागचा पट्टा फार मोलाचा, कारण चप्पल सुटू नये म्हणून बोटं आवळून चालायची गरजच उरत नाही.

बोटांमध्ये घालायचा सिलिकॉनचा तुकडा घेऊन कुणी आलं की आधी बूट बघता, हेही बरोबर. जागा नसलेल्या बुटात तो तुकडा बाकीच्या बोटांना रेटतो आणि दुखणं सरकून दुसऱ्या बोटावर जातं. घासू नये म्हणून लावायच्या मऊ गादीचंही तसंच: ती हाडाभोवती कड्यासारखी हवी, हाडावर नको. रात्री बांधायच्या पट्ट्यांनी बांधलेल्या वेळेपुरता आराम पडू शकतो, पण मोठ्या माणसाचा कललेला अंगठा त्यांनी कायमचा सरळ होत नाही. जाहिराती काहीही म्हणोत.

एवढं करूनही काहींचं दुखणं जात नाही. रुंद पादत्राणातही रोज दुखतं, चालणं कमी होतं, दुसरं बोट अंगठ्यावर चढू लागतं. त्यांच्याशी ऑपरेशनचं बोलायचं. एक्स-रे उभं राहून काढलेला हवा. झोपून काढला तर कल कमी दिसतो. अंगठ्याचा साधारण 15 अंशांपर्यंतचा कल नेहमीचा आणि 40 च्या पुढचा तीव्र, पण नुसत्या अंशांवर निर्णय होत नाही. चाळीस अंश असूनही न दुखणारा पाय तसाच ठेवावा. पुढे वाढेल या भीतीने किंवा टोकदार सँडल घालता यावी म्हणून हाड कापणं आम्हाला पटत नाही.

ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा हाड कापून सरकवतात आणि स्क्रूने धरतात. पुढे साधारण सहा आठवडे कडक, सपाट तळव्याचा बूट, आणि सूज कित्येक महिने. सांधा आखडू शकतो, बधिरपणा राहू शकतो, अंगठा पुन्हा कलू शकतो. आपल्याकडे अजून एक गोष्ट आधी विचारावी लागते, ती म्हणजे उकिडवं बसायची गरज किती. टाचा उचलून तसं बसताना अंगठा मागे चांगलाच वाकावा लागतो. आणि तंबाखू, मिश्री, विडी थांबवायलाच हवी, निकोटिनमुळे हाड जुळायला वेळ लागतो. सूज पुरती उतरायच्या आधी नवं माप घेऊ नका, वाया जाईल.

आणखी एका गोष्टीचे आभार. एका रात्रीत लाल, गरम होऊन चादरीचा स्पर्शही सोसेना झालेला अंगठा तुम्ही चिमट्याला न लावता आमच्याकडे धाडता. तो गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सुजलेला सांधा, असू शकतो, संसर्गही असू शकतो. मधुमेहाच्या पेशंटच्या पायावर घट्टा किंवा जखम दिसली तरी तसंच करता. संवेदना गेलेल्या पायाला बूट चावतोय हे कळतच नाही, म्हणून "दुखत नाही हो" हे त्यांचं उत्तर धरून चालत नाही. त्यांच्यासाठी मऊ एमसीआरचा (बारीक छिद्रांच्या रबराचा) तळवा तुम्ही आतून खिळा न मारता, नुसता चिकटवून आणि शिवून बसवता, तेही आमच्या लक्षात आहे.

आता एक सोय आमच्याकडून. यापुढे चिठ्ठीमागे पायाची रेघ आम्हीच काढून देऊ, हाडाच्या जागी फुली मारू, आणि मधुमेह असेल तर वर लाल पेनाने लिहू. फुलीवर शिवण येत असेल तर चिठ्ठी तशीच परत पाठवा.

आपले,
अस्थिरोग आणि फिजिओथेरपी विभागातले आम्ही सगळे