उत्पत्तिकथेतच इतिहासाचे बीज हवे

संपादक महोदय,

अद्भुतकथा लिहिणारे अनेक जण आपल्या कल्पित जगाची उत्पत्ती पहिल्या प्रकरणात उरकून टाकतात आणि पुढे राजवंशांची जंत्री देतात. त्या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध उरत नाही, ही माझी तक्रार आहे. खऱ्या पुराणकथांत असे सहसा होत नाही. प्राचीन बाबिलोनी कथेत मर्दुक हा बाबिलोनचा नगरदेव तिआमत या आदिदेवतेचे शरीर दुभंगून अर्ध्या भागाचे आकाश करतो आणि तिच्या सेनापतीच्या, किंगूच्या रक्तातून माणूस घडवला जातो, तोही देवांचे कष्ट उपसण्यासाठी. म्हणजे माणसाने राबायचे का, याचे उत्तर जगाच्या जन्मकथेतच मिळते. (शिवाय बाबिलोन नगरीचे वर्चस्वही त्यातून आपोआप सिद्ध होते, हा रचणाऱ्यांचा धूर्तपणा दाद देण्याजोगा आहे.) इंग्रज अद्भुतकथाकार टॉल्किन यांच्या, १९७७ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘द सिल्मॅरिलियन’मध्ये जगाचा उगम संगीतातून होतो आणि त्यात एकाने मिसळलेला बेसूर पुढे युगानुयुगांच्या युद्धांत ऐकू येत राहतो. नवोदितांनी राजांची नावे ठरवण्याआधी, आपले जग घडताना कोणाचे काय हिरावले गेले, एवढे तरी ठरवून घ्यावे. नकाशा नंतर काढला तरी चालेल.

– एक वाचक