रॉजर कॉर्मनचं नाव राहिलंच की!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हॉलिवूडच्या मोठ्या डायरेक्टर लोकांवरचा लेख वाचला, कपोला, स्कॉर्सेसी, जेम्स कॅमेरॉन, रॉन हॉवर्ड सगळे होते आणि लेख तसा छानच जमलाय, पण या चौघांनाही उमेदवारीच्या काळात ज्या एकाच प्रोड्युसरने काम दिलं त्या रॉजर कॉर्मनचं नाव अख्ख्या लेखात एकदाही नाही, म्हणून राहवलं नाही आणि हे पत्र लिहायला घेतलं.

प्रोड्युसर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पैसे ओतणारा शेठ येतो. कॉर्मनकडे ओतायला पैसे नव्हतेच. १९२६ मध्ये डेट्रॉइटला जन्म, स्टॅनफर्डमधून इंडस्ट्रियल इंजिनियरिंग, मग विजेवर चालणाऱ्या मोटर (गाड्या नव्हे, यंत्रांच्या मोटर) बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली ती चार दिवसांत सोडली आणि फॉक्स स्टुडिओत निरोप्या म्हणून चिकटला. तिथे पुढे स्क्रिप्ट वाचायचं काम मिळालं, त्याने सुचवलेल्या गोष्टी एका पिक्चरमध्ये घेतल्या गेल्या पण श्रेय मिळालं साहेबाला, तेव्हा वैतागून तेही सोडलं. पुढे एक स्क्रिप्ट विकून आलेल्या पैशांत आणि थोड्या उसनवारीत १९५४ साली समुद्रातल्या राक्षसाचा एक पिक्चर काढला, हाताशी रोख जेमतेम बारा हजार डॉलर.

त्याची खरी हुशारी मला दिसते ती त्यानंतरच्या पिक्चरच्या वेळी. 'द फास्ट अँड द फ्युरियस' त्याचं नाव (हो, हेच नाव २००१ साली गाड्यांच्या त्या मोठ्या सिरीजने वापरलं). मोठ्या कंपन्या तो घ्यायला तयार होत्या, पण त्याच्या लक्षात आलं होतं की पिक्चर विकून पैसे हातात येईपर्यंत महिनोन्महिने नुसतं बसून राहावं लागतं, म्हणून त्याने तो एका नव्या छोट्या कंपनीला दिला आणि अट घातली की पुढच्या पिक्चरचे पैसे ॲडव्हान्स द्यायचे. म्हणजे पहिला पिक्चर थेटरात चालू आणि दुसऱ्याचं शूटिंगही चालू. तीच कंपनी पुढे अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स झाली. पैसा फिरता ठेवायचं हे गणित ज्याला जमतं तो प्रोड्युसर टिकतो, आणि कॉर्मन जवळजवळ सत्तर वर्षं टिकला.

काटकसर तर विचारू नका. 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स' १९६० चा, दुसऱ्या पिक्चरचा सेट उभा होता तर मोडायच्या आत मुख्य शूटिंग दोन दिवसांत उरकलं, आणि त्यातच दातांच्या डॉक्टरकडे हौसेने जाणाऱ्या पेशंटच्या छोट्या रोलमध्ये पुढे मोठा स्टार झालेला जॅक निकल्सन आहे. 'द यंग रेसर्स'साठी युरोपात टीम नेलेली होती, कपोला त्यात साउंडवर होता, तर तीच माणसं घेऊन आयर्लंडमध्ये कपोलाने 'डिमेन्शिया १३' करून टाकला. बोरिस कार्लॉफ या म्हाताऱ्या नटाचं कॉर्मनकडे दोन दिवसांचं काम बाकी राहिलं होतं, तेव्हा पीटर बोग्दानोविच या नवख्या डायरेक्टरला सांगितलं की हे दोन दिवस घे, माझ्या जुन्या पिक्चरचे तुकडे वापर, बाकी तुला हवं ते कर. त्यातून १९६८ चा 'टार्गेट्स' झाला, बंदूक घेऊन निघालेल्या एका साध्यासुध्या दिसणाऱ्या तरुणाचा, आणि आजही तो बघताना अंगावर काटा येतो.

कॅमेरॉन तर त्याच्याकडे पिक्चरसाठी लागणारी छोटी मॉडेलं बनवायला लागला होता. 'गॅलेक्सी ऑफ टेरर'मध्ये तुटलेल्या हातावर वळवळणाऱ्या अळ्या दाखवायच्या होत्या, अळ्या काही हलेनात, तर या पठ्ठ्याने त्याखाली वायर टाकून घेतली, ॲक्शन म्हटलं की करंट सोडायचा, आणि सगळ्या अळ्या एकदम वळवळायला लागल्या. बघायला आलेल्या दोन प्रोड्युसरांना वाटलं की अळ्यांकडून ॲक्टिंग करून घेतो तो माणसांकडून काय करून घेईल, आणि त्यातूनच त्याला डायरेक्शनचं पहिलं काम मिळालं. पैसे नसले की डोकं चालवावं लागतं, आणि ते चालवायला पोरांना मोकळीक कॉर्मनच्या सेटवर मिळायची.

पण मला तो मोठा वाटतो तो दोन वेगळ्याच गोष्टींसाठी.

एक म्हणजे 'द इन्ट्रूडर', १९६२. अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्यांच्या शाळेत काळी मुलं घ्यायचा कोर्टाचा हुकूम आहे आणि बाहेरून आलेला एक गोड बोलणारा तरुण गावाला भडकवतो, ही गोष्ट. तो रोल विल्यम शॅटनरने केलाय, स्टार ट्रेक या टीव्ही सिरीयलच्या आधी. कुठली कंपनी पैसे लावेना तेव्हा कॉर्मन आणि त्याचा भाऊ जीन यांनी स्वतःचे लावले, मिझुरीतल्या छोट्या गावांत जाऊन तिथल्याच लोकांना घेऊन शूटिंग केलं, लोकांना पूर्ण स्क्रिप्ट दाखवलंच नाही, आणि गोष्ट कळायला लागल्यावर धमक्या आल्या तरी पिक्चर पुरा केला. तो आपटला. समीक्षकांनी कौतुक केलं पण थेटरात माणूस नाही. हा त्याचा बुडालेला पहिला पिक्चर आणि माझ्या मते सगळ्यात चांगला.

दुसरी गोष्ट म्हणजे न्यू वर्ल्ड पिक्चर्स. अमेरिकन इंटरनॅशनलने त्याच्या पिक्चरला परस्पर कात्री लावली म्हणून १९७० मध्ये ही स्वतःची कंपनी काढली, एकीकडे बाईक आणि मारामारीचे पिक्चर काढायचा आणि दुसरीकडे स्वीडनच्या नावाजलेल्या डायरेक्टर बर्गमनचा 'क्राइज अँड व्हिस्पर्स' अमेरिकेत आणला, ड्राइव्ह-इनमध्ये (गाडीत बसून बघायच्या उघड्या थेटरात) सुद्धा लावला. त्या पिक्चरला बेस्ट पिक्चरचं ऑस्कर नॉमिनेशन मिळालं! इटलीच्या फेलिनीचा 'अमारकोर्ड', जपानच्या कुरोसावाचा 'डेर्सू उझाला', जर्मनीच्या श्लोन्डोर्फचा 'टिन ड्रम', हे तिन्ही परदेशी भाषेचा ऑस्कर मिळवणारे पिक्चर अमेरिकेत कॉर्मनच्या कंपनीनेच दाखवले. स्वतः राक्षसांचे पिक्चर काढणारा माणूस फेलिनीसाठी थेटर शोधत होता ही केवढी मोठी गोष्ट आहे.

त्याचं सगळंच गोड मानून घ्या असं मी म्हणत नाही. पगार तुटपुंजे असायचे. आणि 'ह्युमनॉइड्स फ्रॉम द डीप'च्या वेळी बार्बरा पीटर्स ही डायरेक्टर नको म्हणत असताना तिच्या मागे बलात्काराचे सीन दुसऱ्याकडून शूट करून घुसडले, तिने नाव काढायला सांगितलं तेही ऐकलं नाही, हे अजिबात माफ करण्यासारखं नाही. पण ज्या काळात बायकांना कॅमेऱ्यामागे कोणी उभं करत नव्हतं त्या काळात स्टेफनी रॉथमनला डायरेक्शन दिलं ते यानेच, एमी होल्डन जोन्सने 'ई.टी.'चं एडिटिंग सोडून डायरेक्शनसाठी याचा पिक्चर घेतला आणि 'टर्मिनेटर'ची प्रोड्युसर गेल ॲन हर्ड याची असिस्टंट होती. ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि दोन्ही लिहायला हव्यात.

२००९ साली अकादमीने त्याला मानाचा ऑस्कर दिला, मे २०२४ मध्ये ९८ व्या वर्षी तो गेला. एवढा मोठा माणूस तुमच्या लेखातून सुटू नये. आता विनंती एवढीच की पुरवणीत एकदा प्रोड्युसर लोकांवर पानभर लेख द्या, सुरुवात कॉर्मनपासून करा, आणि जो कोणी लिहील त्याने आधी 'द इन्ट्रूडर' बघावा.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली