धाकटा माझ्याकडे आहे

प्रिय आई आणि बाबा,

प्रभूच्या नावाने सलाम.

धाकटा माझ्याकडे आला आहे आणि काही महिने इथेच राहणार आहे. तुम्हाला न विचारता ठरवलं, कारण विचारलं असतं तर बाबा, तुम्ही नाहीच म्हणाला असतात आणि मग मला तुमचा शब्द मोडावा लागला असता. त्याला वेगळी खोली दिली आहे, भरपूर उजेड येतो. जेवतोय, थोडं का होईना. आई, तू दिलेली जुनी चादर तो घेतो, तेव्हा त्याला गार लागत असेल का, हे मनात आणू नकोस.

आता मंडळीच्या मदतपेटीतून त्याने घेतलेल्या पैशांचं. पाळकसाहेबांशी तो स्वतः बोलला. मी सोबत गेले, पण बाहेर बसले. हिशेबाची वही आणि किल्ल्या त्याने दिल्या. रक्कम त्याच्या पगारातून फिटेल, ताईकडून एक पैसा घेणार नाही, हे त्याच्याच तोंडून आलं. ज्या घरांची मदत अडली, तिथेही तोच जाणार आहे. ज्यांचा पैसा, त्यांच्यापासून लपवायचं, ही कसली माया? तेव्हा मी त्याच्यावर पांघरूण घालतेय असं समजू नका.

पण बाबा, उपासनेत त्याला सगळ्यांसमोर उभं करायचं तुमच्या मनात आहे, ते मला पटत नाही. तुम्ही मंडळीचे पंच. घरच्याला वेगळा न्याय दिला असं कुणी म्हणू नये, ही तुमची तगमग कळते मला. पण मत्तय १८ मध्ये चुकलेल्याला समज द्यायचा क्रमच दिलाय ना: आधी एकांतात, नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन, आणि तरीही नाहीच ऐकलं तर मंडळीला. हा पहिल्याच पायरीला ऐकतोय. मग शेवटची पायरी कुणासाठी? याच्यासाठी, की बाकावर बसून बघणाऱ्यांसाठी?

प्रभूला बघायला झाडावर चढलेल्या त्या जकातदार जक्कयाकडे प्रभू आधी पाहुणा म्हणून गेला. लुबाडलेलं चौपट परत करीन, हे जक्कय नंतर आपण होऊन बोलला. त्या झाडाखालीच, गर्दीसमोर त्याचा हिशेब काढला असता तर तो खाली तरी उतरला असता का? आणि पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्रात लिहितो, की मंडळीतल्या त्या चुकलेल्या माणसाला झाली तेवढी शिक्षा पुरे, आता क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. ते मी कितीदा वाचलं असेल. पण आपला धाकटा आरशात न बघता दाढी करतो, हे पाहिल्यावर ते अंगावर आलं.

हे मी तुम्हाला काय शिकवणार! त्याने प्रगतिपुस्तकावर तुमची सही ठोकली होती, तेव्हा तुम्ही त्याला आतल्या खोलीत नेऊन दार लावून घेतलंत. आम्ही दाराला कान लावून बसलो, एक शब्द ऐकू येईना. दुसऱ्या दिवशी शाळेत त्याच्याबरोबर गेलात, पण बाईंशी बोलायला त्यालाच पुढे केलंत. घरी त्याचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. तेच बाबा मला आत्ता हवे आहेत. रागावू नका हं, पण हवे आहेत.

बाबा, रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही. मंडळीच्या सभेत आवाज चढला की सरळ उठून घरी यायचं. आई, साखर असताना उपवास-प्रार्थना बंद. खाऊन केलेली प्रार्थनाही पोचते, वाटल्यास पाळकसाहेबांना विचार.

रविवारी उपासनेनंतर तो फोन करेल. बाबा, तुम्हीच उचला, आईच्या हातात देऊ नका. पैशांचं काढू नका, ते मार्गी लागलंय. तब्येतीचं विचारा, कामाचं विचारा. आणि चिडलात की तुम्ही त्याला ‘अहो-जाहो’ करता, ते तेवढं करू नका. मारापेक्षा ते त्याला जास्त लागतं.

तुमची,
ताई