भातात शेवया कशाला?

प्रिय सुधीर,

भात असताना त्यात पुन्हा शेवया कशाला, असं तू विचारलंस. रास्त प्रश्न आहे. मी म्हणेन, खमंगपणासाठी.

लेबनॉन असो की तुर्कस्तान, सुरुवात सारखीच. गव्हाच्या बारीक शेवयांचे लहान तुकडे करून लोण्यात परतायचे. आधी त्या पिवळसर होतात, मग बदामी, मग तांबूस. बदामी झाल्यावर पातेल्यापुढून हलायचं नाही, कारण तिथून करपायला वेळ लागत नाही. तांबूस रंग आला की धुऊन निथळलेला तांदूळ घालून हलक्या हाताने परतायचा, मीठ आणि उकळतं पाणी घालायचं. पाणी आटलं की आच बंद करून झाकणाखाली स्वच्छ कापड ठेवायचं. वाफ कापडात जिरते, थेंब भातावर पडत नाहीत आणि शीत न् शीत मोकळं राहतं. फिक्या शेवयांचा असा भात मला अर्धवटच वाटतो.

तुर्कस्तानात शेवयांऐवजी जवाच्या दाण्यासारखा बारीक पास्ताही घालतात. इराणमध्ये रेश्ते पोलो करतात. त्यात अर्धवट शिजवलेला तांदूळ आणि भाजलेल्या शेवया एकत्र दमाला लावतात, सोबत खजूर आणि बेदाणे. इजिप्तची कोशारी मात्र भरगच्च: भात, मसूर, मॅकरोनी, काबुली चणे, टोमॅटोचा रस आणि वर कुरकुरीत कांदा.

पण तुला खरं सांगायचंय ते पैलाद्झो काप्तानियन यांच्याविषयी. 1915 साली तुर्कस्तानातल्या तेव्हाच्या ऑटोमन राजवटीने आर्मेनियन लोकांना हद्दपार केलं, लाखो लोक मारले गेले. त्यातून या बाई वाचल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्या. 1946 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांच्या घरी टॉम आणि लोइस डीडोमेनिको हे तरुण जोडपं भाड्याने राहायला आलं. टॉमच्या घरचा पास्त्याचा कारखाना होता. काप्तानियनबाईंनी लोइसला शेवयांचा पिलाफ, म्हणजे असाच भात, शिकवला. पुढे त्याच घराण्याने 1958 मध्ये तांदूळ, शेवया आणि सुपाची भुकटी एका खोक्यात घालून 'राइस-अ-रोनी' बाजारात आणलं. जाहिरातीत ती सॅन फ्रान्सिस्कोची खासियत ठरली. ज्या बाईंनी सगळं गमावूनही हातची चव जपली, त्यांचं नाव ते खोकं उघडणाऱ्या किती जणांना माहीत असेल? मला हे फार लागतं.

तू करशील तेव्हा वाटीभर तांदळाला पाव वाटी शेवया घे. पाणी तांदळाच्या जातीप्रमाणे दीडपट ते दुप्पट.

तुझा,
अनिल