बेसाचा प्लॉट विकू नका

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न.

माझ्या कंपनीत पैसे घालणाऱ्या गुंतवणूकदारांशी करारावर सही झाली आणि त्यांचा पहिला हप्ता कंपनीच्या खात्यात जमाही झाला. तेव्हा बाबा, बेसाच्या प्लॉटसाठी येणाऱ्या त्या गिऱ्हाइकाला आता स्पष्ट नाही म्हणा. एफडीलाही हात लावू नका.

"परक्याचा पैसा चालतो, बापाचा नाही?" हे तुमचं वाक्य मला झोपू देत नाही. तसं नाही हो बाबा. तुम्ही एक प्रश्नही न विचारता चेक फाडला असता. आयुष्य ऑडिटमध्ये घालवलेल्या माणसाने फक्त माझ्यासाठी डोळे मिटले असते, आणि मला तेच नको होतं. या गुंतवणूकदार गृहस्थांचे पैसे बऱ्याच कंपन्यांत आहेत. त्यातल्या काही बुडणार, हे धरूनच ते चालतात. आमची बुडाली तरी त्यांच्या घरची चूल विझणार नाही. तुमचा प्लॉट मात्र एकच आहे.

अण्णाकाकांच्या वेळचं सगळं तुमच्या डोळ्यांसमोर येत असणार. पण हे कर्ज नाही. त्यांनी शेअर घेतलेत. व्याज नाही, माझी वैयक्तिक हमी नाही, घर कुठेही तारण नाही. धंदा बुडाला तर त्यांचेही बुडतील. खोटे हिशेब दाखवले तरच गोष्ट वेगळी, आणि ते तुमच्या मुलीकडून होणार नाही. तुम्ही विचारलेला एंजल टॅक्स, म्हणजे नव्या कंपनीने वाजवीपेक्षा जास्त भावाने शेअर विकले की लागायचा तो कर, 2024 च्या बजेटमध्येच रद्द झालाय.

त्यांनी आमची बँक स्टेटमेंट आणि जीएसटी रिटर्न तपासले. मग आमचे तापमान दाखवणारे डबे जिथे लावलेत, त्या कळमन्याजवळच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मिरचीच्या पोत्यांमध्ये ठसका लागेपर्यंत उभे राहिले. मालकाशी कमी आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरशीच जास्त बोलले. मीही त्यांची चौकशी केली. त्यांनी पैसे घातलेल्या ज्यांच्या कंपन्या बंद पडल्या, त्यांना मुद्दाम फोन केले. एक जण म्हणाला, शेवटच्या महिन्यात आधी कामगारांचे पगार झाले, मगच त्यांनी स्वतःच्या पैशांचा विषय काढला. माझा निम्मा निर्णय तिथेच झाला.

उरलेला नवतपात, मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत झाला. टर्म शीटवर, म्हणजे मुख्य अटींच्या प्राथमिक कागदावर सह्या होत्या, पण ती सहसा बंधनकारक नसते. पैसे यायचे होते. नेमके तेव्हा दाराबाहेर लावलेले आमचे डबे तापून चुकीचं तापमान दाखवू लागले. पुरवठादाराकडून आलेला लॉटच सदोष होता. मी त्याच संध्याकाळी त्यांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं: गिऱ्हाइकांना सांगितलं का, आणि नवे डबे कधी लावणार? शेअरचा भाव पाडून मागितला नाही. आई, तुझं दूधवाल्याशी असंच होतं ना? कॅलेंडरवर तू मांडलेले खाडे त्याने कधी मोजले नाहीत, कारण तो विसरलेलं जास्तीचं अर्धा लिटर तूच त्याला आठवून द्यायचीस.

करारातलं एक कलम वाचून आई, तू चिडशील. माझे स्वतःचे शेअर चार वर्षांत थोडेथोडे माझ्या हक्काचे होतील, आणि पहिल्या वर्षात मी सोडून गेले तर काहीच नाही. हे सगळीकडे असतं गं. ते माझ्या भरवशावर पैसे लावतायत, मग मी टिकेन याची खात्री नको? त्यांचे शेअर प्रतिस्पर्ध्याला विकता येणार नाहीत, हे मीही लिहून घेतलंय. दुसरा हप्ता ठरलेलं काम झाल्यावर. दर महिन्याचा हिशेब त्यांना जाईल, त्याची एक प्रत बाबांना. लाल पेन काढून ठेवा.

माझी काळजी करू नका. पुण्यात डबा चांगला मिळतो आणि मी वेळेवर जेवते. नोकरी सोडली तरी कंपनीतून ठरलेला पगार घेणार आहे, तसं करारातच आहे.

आता ऐका. कूलरची टाकी रिकामी करून कोरडी पुसून ठेवा, डास होतात. ते काम बाबांनी स्टुलावर चढून करायचं नाही, वरच्या मजल्यावरच्या मुलाला मी सांगितलंय. बीपीच्या गोळ्या दुकानदार घरपोच देईल, पैसे मी दिलेत. "बरं वाटतंय" म्हणून गोळी बंद करायची नाही. आई, गुडघ्याचा एक्स-रे या आठवड्यात म्हणजे याच आठवड्यात.

तान्ह्या पोळ्याला बाबा रंगवून द्यायचे तो माझा लाकडी बैल माळ्यावर असेल, साफसफाईत टाकू नका. पोळ्याला मी येतेय. कराराची प्रत कुरिअरने निघालीय; बाबा, हमीचं कलम आधी वाचा आणि शनिवारच्या फोनला प्रश्न तयार ठेवा.

तुमची,
मनू