आधी हात भरू देत

गंगापूर रोड, नाशिक
१२ फेब्रुवारी

प्रिय मंजू,

पत्र मिळालं. चिनू दोन वर्षांचा झाला तरी वरणभाताला बोट लावत नाही, हाताला काही चिकटलं की भोकाड पसरतो, हे वाचलं. अगं, त्याला आत्ता भरवायच्या मागे लागूच नकोस. खेळू दे नुसतं. हाताला ओळख झाली की तोंडाची भीती हळूहळू कमी होते. मधेच 'एकच घास घे ना' म्हणालीस की खेळ संपला!

आमच्याकडे द्राक्षांचा हंगाम आहे. मऊ पडलेले मणी परातीत टाकून मी आमच्या ईराला मोरीत बसवते. ती तळव्याने दाबते, फच्चकन बी बाहेर येते, रस कोपरापर्यंत ओघळतो, साल बोटाला चिकटली की हात झटकते आणि पुन्हा दाबते. खायला मात्र अख्खं द्राक्ष देऊ नकोस, उभे चार काप कर. घशात नेमकं अडकतं ते. शेंगदाणे-फुटाणेही लांबच ठेव.

सासूबाईंना हे पटत नाही. अन्न पूर्णब्रह्म, त्याच्याशी खेळ कसला? त्यांचं अगदीच चूक नाही. म्हणून मी बहुतेक वेळा पातेल्यात जाणारंच देते. मटार सोलणं, कोथिंबीर निवडणं, पोहे भिजवणं. कणकेचा गोळाही देते, पण कच्चं पीठ चाटू देत नाही, पोट बिघडतं.

हळदीची गंमत नक्की कर. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घाल, लालसर होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात ना, तेच हे. वर लिंबू पिळलंस की परत पिवळं. कपडे मात्र जुनेच घाल!

दोन वाट्या कॉर्नफ्लोअरला एक वाटी पाणी घेतलंस तर मूठ आवळली की घट्ट, सोडली की धार. एकदम दाबलं की कण एकमेकांत अडकतात, पाण्याला निसटायला वेळच मिळत नाही. ते बेसिनमध्ये ओतू नकोस, तुंबेल. वाळवून कचऱ्यात टाक.

चिनूने हात मागे घेतला तर चमचा दे, नाहीतर पिशवीत भरून वरून दाबू दे. कपडे घालणं, केस धुणं, सगळ्यालाच तो असा रडत असेल तर बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखव.

मेमध्ये येते आहेस ना? भाऊजींना नमस्कार.

तुझी,
नीलू